नवसाबाईनं दाखवलेलं खाचर

नवसाबाई वाळू भोये हिचं वय मला विचारू नका. रेशनकार्डावर बेचाळीस होतं, मतदारयादीत एकोणतीस, आणि आमच्या ऑफिसच्या लाभार्थी यादीत मीच अंदाजानं पस्तीस ठोकून दिलं होतं. तिला विचारलं तर म्हणायची, "मोठा दुष्काळ पडला तवा मी रांगत व्हते." म्हणजे मतदारयादीच खरी. पण तिच्याकडे बघून कोणी ते मान्य केलं नसतं.

मी धनराज गायखे. त्या वेळी कृषी सहायक होतो. शहरातल्या लोकांना वाटतं, कृषी सहायक म्हणजे कोणी शेतीतला जाणकार. डोंबलाचा जाणकार! माझं घर नाशिकजवळ मळ्यात. वडील फ्लॉवर, मेथी, झेंडू करून मार्केटला नेणारे. भाताचं रोप नोकरीला लागेपर्यंत मी हातात धरलं नव्हतं. आणि मला नेमणूक कुठली, तर पार पश्चिमेच्या डोंगरात, गुजरातच्या हद्दीला लागून, जिथे भात, नागली आणि वरई सोडून चौथं काही पिकत नाही. आठ गावं, त्यांचे तेवीस पाडे आणि एक खटारा एम-एटी दुचाकी. वरून आलेला सल्ला खाली पोचवायचा, हे माझं काम. पोस्टमनमध्ये आणि माझ्यात फरक एवढाच, की पोस्टमनची पत्रं निदान ज्याची त्याला मिळतात.

वावळपाडा हा त्या तेवीसातला शेवटचा. एकवीस घरं. रस्ता संपल्यावर गाडी करंजाखाली लावायची आणि ओढा ओलांडून वर चढायचं. पहिलं घर नवसाबाईचं. घरात दोनच माणसं, ती आणि तिची सासू कुसाबाई. नवरा वाळू चार वर्षांपूर्वी निफाडकडे विहिरीच्या कामावर होता, वरून दगड सुटला आणि तो जागेवरच गेला. मूलबाळ नव्हतं. कुसाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून फुकट गेलेला, तिला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. शिबिरातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता उशीर झाला.

तेव्हा नवसाबाईची सगळी गणितं एकाच गोष्टीभोवती. दिवाळी झाली की डोंगरातली माणसं घरांना कड्या लावून द्राक्षांत जातात. म्हणजे दिंडोरी, पिंपळगावकडे द्राक्षबागांच्या कामाला. मुकादम पिकअप घेऊन येतो, घरंच्या घरं त्यात बसतात, ती शिमग्याला परत. नवसाबाई मात्र वाळू गेल्यापासून एकदाही गेली नव्हती. आंधळ्या म्हातारीला बागेत नेता येत नाही, मुकादम नेतही नाही, आणि एकटी टाकून जाणार कशी? ओढ्याच्या वरच्या अंगाला तिचं सव्वा एकराचं भाताचं खाचर होतं, उतारावर थोडी नागली. ते नीट पिकलं तर दोघींना पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरायचं. नाही पिकलं तर द्राक्षांत. मधला रस्ता नव्हता.

नव्याण्णव सालच्या फाल्गुनात आमच्याकडे परिपत्रक आलं, राब बंद करायचा. राब म्हणजे काय, तर भाताचं रोप जिथे टाकायचं ती जागा आधी भाजून घ्यायची. शिमगा झाला की झाडांवर चढून फांद्या तोडायच्या, पाला गोळा करायचा, शेण वाहायचं, त्या जागेवर थर द्यायचे, वरून माती पसरायची आणि कडक उन्हात पेटवून द्यायचं. तणाचं बी जळतं, राखेचं खत होतं. पाऊस पडला की त्यावर भात पेरतात, आणि महिन्याभरात तयार झालेलं रोप उपटून खाचरात लावतात, ती आवणी. वरच्या लोकांचं म्हणणं, राबापायी जंगल बोडकं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. त्याऐवजी गादीवाफे करायचे, खत द्यायचं, तणनाशक मारायचं. खत आणि तणनाशक ऑफिस फुकट देणार. प्रत्येक सहायकानं एक तरी पाडा राबमुक्त करून दाखवायचा, हे टार्गेट.

मी वावळपाडा धरला. का, तर तिथली माणसं भांडत नाहीत म्हणून.

सभेला पंधरा-वीस माणसं जमली. मी चार्ट टांगला, घसा कोरडा होईपर्यंत बोललो. सगळ्यांनी माना डोलावल्या. चिमाजीबाबा म्हणून तिथले जाणते गृहस्थ, त्यांनी तर सगळ्यात जास्त मान डोलावली. फक्त नवसाबाईनं प्रश्न विचारला. तिथल्या बोलीत साहेबालाही 'तू'च म्हणतात. पहिल्या महिन्यात मला राग यायचा, नंतर बरंच वाटायला लागलं.

"साहेब, झाडावं चढाया नाय लागणार?"

"अजिबात नाही."

"आन् मोळ्या वहाया?"

"त्याही नाहीत."

ती खांदा चोळत बसली होती. आदल्या वर्षी साजडाच्या झाडावरून पडली होती, तेव्हापासून उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. राबाचं काम जोडीनं करायचं असतं. ही चार वर्षं एकटी करत होती. बाकीच्यांनी नुसता होकार दिला, हिनं मनापासून ऐकलं, कारण हिला खरीच गरज होती. आणि मग म्हणाली, "बघ हां. माजं भात नाय झालं तं मला द्राक्षांत जावं लागंल. म्हातारीला कोन बघंल?"

मी म्हणालो, "नवसाबाई, जबाबदारी माझी." हे वाक्य मी त्या काळात दिवसातून चारदा म्हणायचो.

ती नुसती तयार झाली नाही, घरोघर फिरली. बायकांना सांगितलं, साहेब खरं बोलतो, आपला जीव वाचंल. तिच्या शब्दावर आणखी अकरा घरांनी राब रचला नाही. ऑफिसात माझं कौतुक झालं. मंडळातले आमचे साहेब म्हणाले, "गायखे, तुम्ही बोलण्यात वस्ताद आहात." च्यायला, बोललो मी आणि पटवलं तिनं.

जूनच्या दहा तारखेला पाऊस आला. वाफ्यांवर भात पेरलं. छान उगवलं. आणि मग पावसानं जी दडी मारली, ती चौदा दिवस. भाताचं रोप बसून राहिलं आणि तण मात्र सुसाट. न भाजलेली जमीन ती, तिच्यात तणाचं बी जिवंतच होतं. चार्टवर लिहिलं होतं, पेरणीनंतर तणनाशक, पंधरा दिवसांनी युरिया. तणनाशक कुठे होतं? युरिया कुठे होता? मी ऑफिसात चार खेपा घातल्या. पहिल्यांदा सांगितलं मागणी वर गेलीय. दुसऱ्यांदा सांगितलं मंजूर झालीय. तिसऱ्यांदा गाडी मिळत नव्हती. चौथ्यांदा क्लार्क माझ्यावरच खेकसला, "तुमच्या एकट्याचाच पाडा आहे का हो?" गोण्या आल्या दोन ऑगस्टला. आवणी संपून गेल्यावर! मी त्या ताब्यात घेतल्याची सही केली आणि पाड्यावर नेऊन टाकल्या. लोकांनी त्या निमूट उतरवून घेतल्या, ओट्यांवर रचून ठेवल्या. मला कोणी वाकडा शब्द बोललं नाही. उलट गुळाचा कोरा चहा दिला.

बोलले ते सगळं नवसाबाईला. हिच्या नादी लागलो, हिनं घर बुडवलं, हिला काय, मागं-पुढं कोणी नाही. ओढ्यावर ती पाण्याला आली की बायका हंडे उचलून चालू लागत.

गोण्या यायच्या आधी, जुलैत, मी एकदा टेकडीच्या मागून येत होतो, तर चिमाजीबाबांचं रोप दिसलं. हिरवंगार, वीतभर उंच, आणि खाली काळी राख. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, तुम्ही तर राब करणार नाही म्हणाला होता!"

"म्हनलो व्हतो."

"मग हे काय?"

"तू येवढा उन्हाचा आला, घसा फोडून बोलला. तुला नाय कसं म्हनायचं?" म्हातारा अगदी मायेनं बोलला. "तुला नाय म्हनलो नाय. पन राब तं करायाच लागतो ना."

मला हसावं की रडावं कळेना. पाड्यावरच्या नऊ घरांनी असाच मला होकार देऊन राब भाजला होता. ज्यांनी माझं ऐकल्यासारखं केलं ते वाचले, ज्यांनी खरंच ऐकलं ते मेले. दहा वर्षांच्या नोकरीत मला माझ्या कामाबद्दल एवढी स्पष्ट गोष्ट दुसरी कोणी सांगितली नाही.

चिमाजीबाबांची आवणी उरकल्यावर त्यांचं रोप उरलं. उरलेलं रोप तिथे विकत नाहीत, मागेल त्याला देतात. नवसाबाईनं ते मागून आणलं, शेजारच्या दोन पाड्यांवर पायी जाऊन आणखी आणलं, खांदा तसा असताना डोक्यावरून जुड्या वाहिल्या. आणि वाटल्या कोणाला? त्या अकरा घरांना आधी. मी म्हणालो, "अहो, स्वतःचं खाचर तर लावा!" ती म्हणाली, "माज्या सांगन्यानं त्यांनी राब नाय केला. त्यांचं आधी." तिच्या वाट्याला जे उरलं त्यात खाचराचा एक कोपरा लागला. अकरा घरांचंही अर्धंमुर्धंच झालं. आणि ते सगळं उशिराचं, ओंब्या बाहेर पडल्या तेव्हा पाऊस निघून गेला होता.

आता खरी गोष्ट सांगतो. आतापर्यंतचं जे झालं त्यात पाऊस होता, ऑफिस होतं, गाडी न मिळणं होतं. पुढचं सगळं माझं आहे.

भात कापायला आलं की सरकार पीक कापणी प्रयोग करतं. चिठ्ठीनं एक शेत निवडतात, त्यात दोरी लावून दहा मीटर बाय दहा मीटर चौकोन आखतात, तेवढंच कापून, झोडून वजन करतात. त्यावरून गावाचं पीक किती आलं ते ठरतं. पीक बुडालं असेल तर तालुक्याला रोजगार हमीची कामं त्या गावात आधी काढावी लागतात. त्या वर्षी वावळपाड्याच्या गावात चिठ्ठी निघाली नवसाबाईच्या गट नंबराची. मला वाटलं, चला, देव आहे म्हणायचा! तिच्या खाचरात शंभर चौरस मीटरला चार किलो निघालं नसतं. गाव टंचाईत येईल, पाझर तलावाचं काम निघेल, दिवाळीनंतर बायाबापड्यांना घराजवळ मजुरी मिळेल. नवसाबाईला द्राक्षांत जावं लागणार नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी साहेब जीपमधून आले. आमचे मंडळवाले साहेब, ज्यांनी मला वस्ताद म्हटलं होतं तेच. तलाठी आलेच नाहीत, त्यांची सही आधीच घेऊन ठेवलेली. साहेब ओढा चढून आले ते घामानं भिजून, तापलेलेच. नवसाबाईच्या ओट्यावर बसले आणि तिच्यासमोर, पाड्यासमोर माझी हजेरी घेतली.

"गायखे, जिल्ह्याची मीटिंग आहे सोमवारी. तुमचा पाडा मी राबमुक्त म्हणून वर कळवलाय. प्रात्यक्षिक फसलं असं मी तिथे सांगू? घरी बसायचंय का तुम्हाला? की गडचिरोली बघायचीय?"

नवसाबाई दारात उभी होती. तिला गडचिरोली काय कळणार, पण घरी बसायचं म्हणजे काय ते कळलं. ती पुढे झाली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चला, दाखवते माजं खाचर."

आणि चालायला लागली ती ओढ्याच्या वर नाही, खाली. मला आधी वाटलं, वळसा घालून नेतेय. मग चिमाजीबाबांचं खाचर दिसलं. पिवळंधमक, ओंब्यांनी वाकलेलं, राबावर वाढलेलं. चिमाजीबाबा बांधावर बसलेले होते. नवसाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी तिच्याकडे. ती म्हणाली, "हेच माजं." म्हातारा उठून बाजूला झाला आणि आमच्या साहेबांना रामराम घातला.

नकाशा माझ्या पिशवीत होता. गट नंबर मला पाठ होता. मी एवढंच म्हणायचं होतं, साहेब, हे तिचं नाही. चार शब्द. मी दोरी सोडली आणि चौकोन आखायला घेतला.

एकवीस किलो भरलं. साहेबांचा नूर पालटला. "अरे, हे आहे की! उगाच तोंड पाडून बसला होतात." राब न करता एवढं पीक! त्यांनी नवसाबाईला कापलेल्या भाताचा भारा हातात धरून उभं केलं आणि फोटो काढला. चिमाजीबाबांचा राबाचा भात, नवसाबाईचं नाव, आणि माझी सही. जीप गेल्यावर मी तिच्यावर ओरडलोच.

"हे काय केलंत तुम्ही?"

तिला कळेना मी का चिडलो. "तुजी नोकरी गेली असती ना?" ती म्हणाली. "आन् घरी आलेल्याला बरं तेच दाखवायचं. पोरगी बघाया आले तं चांगलं लुगडं नाय का नेसवत? माजं ते खाचर काय दाखवू, लाज नाय वाटणार?" आणि हसली. त्या वर्षात मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. आपण साहेबाला वाचवलं, याचा आनंद होता तो. आतून कुसाबाई ओरडली, "साहेबाला चहा दिला का गं?"

आणि खोटं कशाला बोलू? मलाही बरं वाटलं. गाडी चालवत खाली उतरताना मी शीळ घालत होतो.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा त्या बारा घरांतली माणसं तालुक्याला काम मागायला गेली. नवसाबाई पुढे. तिथे सांगितलं, तुमच्या गावचं पीक उत्तम आहे, गाव यादीत नाही, पुढच्या वर्षी बघू. ती माणसं परत आली आणि त्यांनी मला विचारलं, "साहेब, आमचं पीक उत्तम हाय असं कोन बोललं?" मी म्हणालो, बघतो.

बघितलं की! साहेबांकडे गेलो, म्हणालो, कापणी चुकीच्या गटात झाली, दुरुस्त करू. ते चहा पीत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "आकडा जिल्ह्याला गेला, तिथून पुण्याला. सही कोणाची आहे? तुमची. खोटी कापणी केली म्हणून लिहून देता? द्या. मी आजच पुढे पाठवतो." मी लिहायला बसलोसुद्धा. तारीख घातली, विषय घातला. माझी मोठी मुलगी तेव्हा पहिलीत होती, धाकटी पाळण्यात, घराच्या कर्जाचा हप्ता पगारातून कापला जायचा. ही कारणं मी त्या दिवशी स्वतःला सांगितली, आजही तीच सांगतो. कागद फाडला आणि बाजारातून वीस किलो तांदूळ घेऊन वावळपाड्याला गेलो.

नवसाबाईनं तांदूळ घेतला. खोटा मानपान तिच्यात नव्हता. कुसाबाईनं मूठभर हातात घेऊन चाचपला आणि म्हणाली, "हा आपल्या शेतातला न्हवं." तो तांदूळ तीन आठवडे गेला.

मार्गशीर्षात मुकादमाची पिकअप आली. बारा घरांतली चालती-फिरती सगळी माणसं त्यात बसली. नवसाबाईनं चिमाजीबाबांच्या घरी सांगून ठेवलं, म्हातारीला दिवसाला एक भाकर आणि हंडाभर पाणी. दारापासून ओढ्यापर्यंत काथ्याची दोरी बांधली, धरून धरून कुसाबाईला बाहेर जाता यावं म्हणून. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी पाड्यावर गेलोच नाही. जायची हिंमत झाली नाही, सरळ सांगतो.

पौषात मी गेलो तेव्हा पाडा ओस. कुत्रंही भुंकलं नाही. चिमाजीबाबा तीन दिवस लेकीच्या घरी बारशाला गेले होते, सून थंडीतापानं अंथरुणाला खिळलेली. एरवी अशा वेळी शेजारच्या चार घरांतलं कोणी तरी डोकावलं असतं. पण शेजारची चारही घरं द्राक्षांत. कुसाबाई मला ओढ्याच्या उतारावर सापडली. दोरी धरूनच उतरली होती, पण दोरी खडकाशी काचून तुटली होती. जवळ तांब्या होता. किती वेळ पडून होती, कोणाला ठाऊक! चिमाजीबाबा त्याच संध्याकाळी परतले, म्हणाले, दोन दिवस तरी झाले असतील. पाड्यात मागे राहिलेल्या चार म्हाताऱ्यांनी आणि मी मिळून तिला मसणवट्यात नेलं.

नवसाबाई नेमकी कुठे आहे, कोणालाच ठाऊक नव्हतं. मुकादम म्हणाला, वणीच्या रस्त्याला कुठे तरी, टोळी दोनदा हललीय. मी रजा टाकली आणि दोन दिवस बागांमागून बागा फिरलो. गेटावर विचारायचो, डोंगरातल्या बायका आहेत का? सगळीकडे होत्या. एकसारखी लुगडी नेसलेल्या, एकसारख्या थकलेल्या. ती नव्हती. तिला शोधताना मनातून वाटत होतं, सापडली नाही तर बरं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली. वेलीखाली उभी राहून घडांची विरळणी करत होती. मांडवावरच्या घडांना हात पोचवायला लागतो, म्हणून उजवा हात डाव्या हातानं उचलून धरला होता. मला पाहिलं आणि चेहरा उजळला. "साहेब, तू इकडं कुठं?" आणि लगेच चेहरा पडला.

मी सांगितलं.

तिनं कात्री खाली ठेवली. रडली नाही. विचारलं, "तिच्याजवळ कोन व्हतं?"

"कोणी नव्हतं."

"पानी?"

"तांब्या होता जवळ. रिकामा."

ती खाली बसली. बाजूच्या बायका थांबल्या, बागवान लांबून ओरडला, काय झालं रे, हात चालवा. आणि मला राहवलं नाही. इतके महिने गिळलेलं सगळं बाहेर आलं. मी तिला सांगितलं की त्या दिवशी तुम्ही स्वतःचं खाचर दाखवलं असतं तर काम निघालं असतं. तो चौकोन, ते एकवीस किलो, त्यावरूनच तालुक्यानं तुम्हाला परत पाठवलं. शेजारची घरं गेली नसती, तुम्ही गेला नसता, कुसाबाई आज असती. मला वाटत होतं, सांगितलं की माझं ओझं उतरेल. ते सगळं मी तिच्याच डोक्यावर ठेवत होतो, हे बोलून झाल्यावर कळलं.

तिनं एकेक गोष्ट जुळवली. तिला वेळ लागला. तिला आजवर ठाऊकच नव्हतं की त्या कापणीचा आणि कामाचा काही संबंध असतो. चार वर्षं मी त्या पाड्यावर जात होतो, बियाण्याबद्दल, खताबद्दल, राबाबद्दल बोललो, पण आपल्या शेतात दोरी लावतात ती कशासाठी, हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. परिपत्रकात तसं काही नव्हतं.

"तुला ठाऊक व्हतं?" तिनं विचारलं.

"हो."

"तवाच?"

"हो."

"मला न्हवतं ठाऊक. म्हनून मी दाखवलं. तू का नाय बोलला?"

मी म्हणालो, "साहेब समोर होते, नवसाबाई."

ती माझ्याकडे बघत राहिली. राग असता तर मला सोसला असता. ती नुसतं समजून घ्यायचा प्रयत्न करत होती.

"माज्यासमोर तं साहेब तूच व्हता," ती म्हणाली. "मी तुज्यासाठी बोलले ना?"

ती उठली, मुकादमाला सांगून आली, कपड्यांचं बोचकं घेतलं. मी गाडी सुरू केली, म्हणालो, बसा, पाड्यापर्यंत सोडतो. ती माझ्या बाजूनं पुढे गेली आणि एस.टी.च्या फाट्याकडे चालायला लागली.